कमानपाटा ते शॉकअप : मराठवाड्याच्या रस्त्याचा एक न लिहिलेला इतिहास

नांदेडहून लातूरकडे निघाले की लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर अशी गावे लागतात. तुळजापूरपासून नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग 361. आता तो रुंद झाला आहे, गाड्या सुसाट जातात. पण कुठल्याही फाट्यावर आत वळा. थोड्याच वेळात डांबर संपते आणि मुरूम सुरू होतो. मुरूम संपला की काळी माती. गाडीची खरी परीक्षा तिथून पुढे असते.

गेल्या काही वर्षांत या दोन्ही शहरांत थार, गुरखा, कॅम्पर, व्ही-क्रॉस अशा गाड्या घेणारे तरुण वाढले आहेत. काही हौशी आहेत, काही शेतकरी, काही छोटे कंत्राटदार. त्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, ॲडजस्टेबल शॉकअपचा. गॅसचा घ्यावा की तेलाचा? नऊ खाचांचा घ्यावा की साधा? पुढे कितीवर ठेवावा आणि मागे कितीवर? हजारो रुपयांचा मामला असतो, म्हणून प्रश्न गंभीरपणे विचारले जातात. उत्तरे मात्र बहुतेक वेळा परदेशी व्हिडिओ पाहून दिली जातात. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कुणी किती खाचा फिरवल्या, हे आपल्याला माहीत असते. उमरग्याच्या चिखलात आपल्या आजोबांनी काय केले, हे माहीत नसते.

मी इतिहासाच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहतो. मराठवाड्यातल्या मुस्लिमांचा इतिहास म्हटला की आपण कंधारचा किल्ला, उदगीरची लढाई, निझाम, रझाकार आणि पोलीस कारवाई इथपर्यंत येतो आणि थांबतो. त्यानंतरची पंचाहत्तर वर्षे हा समाज करत काय होता? त्याचे एक उत्तर असे की, त्यातले बरेच जण गाड्या दुरुस्त करत होते. त्या कामाचा इतिहास कुणी लिहिला नाही. तो लिहायला शॉकअप हे चांगले निमित्त आहे, कारण धक्का कसा जिरवायचा याचे या भागातले ज्ञान त्याच माणसांच्या हातात साठलेले आहे.

आधी माती

दख्खनचा हा भाग लाव्ह्याच्या खडकावर वसला आहे. त्या बेसाल्टची झीज होऊन आपली काळी कापसाची जमीन तयार झाली. या मातीचा स्वभाव विचित्र आहे. पाणी पडले की ती फुगते, ऊन लागले की आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ताही दर वर्षी थोडा फुगतो, थोडा खचतो. खड्डा बुजवला तरी शेजारी लाट तयार होते. पावसाळ्यात चिखल चाकाला धरतो. उन्हाळ्यात तोच चिखल बैलगाडीच्या चाकोऱ्यांसकट दगडासारखा वाळतो. कोकणातल्या जांभ्याचा रस्ता आणि किनवट-माहूरचा जंगलातला दगडगोट्यांचा रस्ता यांच्यापेक्षा हे दुखणे वेगळे आहे.

जुन्या काळी यावर उपाय एकच होता, ऋतू पाहून चालणे. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला निझामाचा पराभव झाला. त्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारदीचा तोफखाना होता. लढाईची तारीख पाहा. ऐन हिवाळा, जमीन वाळून कडक झालेली. तोफेच्या गाड्याला ना स्प्रिंग होती ना पाटा. सगळा धक्का लाकडी चाक, लोखंडी धाव, कणा आणि बैलांच्या खांद्यावर जायचा. अशी वजनदार तोफ भर पावसात काळ्या रानातून ओढणे जवळपास अशक्यच. दसऱ्यानंतर मोहिमा निघायच्या, त्यामागे मुहूर्त जेवढा होता तेवढीच ही मातीही होती.

सामान्य माणसाची बैलगाडीही अशीच, बिनस्प्रिंगची. बसणारा कडब्याच्या पेंढ्यांवर बसायचा. ती पेंढी म्हणजे या भागातली पहिली धक्का जिरवणारी वस्तू. युरोपात 1804 साली ओबाडाया इलियट नावाच्या इंग्रज कारागिराने घोडागाडीसाठी एकावर एक पोलादी पट्ट्या जोडलेल्या कमानीचे पेटंट घेतले. पुढे टांग्यांसोबत ही कमान आपल्याकडे आली. आपल्या मिस्त्रींनी तिला नाव दिले कमानपाटा. आजही तिला तेच म्हणतात.

रेल्वे, अल्बियन आणि भाराचा हिशेब

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गाने नांदेड रेल्वेच्या नकाशावर आले. लातूरला रेल्वे पोहोचली 1911 साली, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांची. ती उभारणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता एका हट्टासाठी प्रसिद्ध होता. गाडी इंजिनाची असो की मालाची, कुठल्याही एका कण्यावर 5 टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या कण्यांवर सारखा वाटला, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने दाखवून दिले. लातूरच्या मोंढ्याचा उदय या छोट्या गाडीशी जोडलेला आहे. पुढे याच कॅलथ्रॉपने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. पडणाऱ्या माणसाचा वेग हवेने जिरवायचा. शॉकअपही तेच करतो, फक्त हवेऐवजी तेलाने.

कण्यावरचा भार आधी मोजा, हा कॅलथ्रॉपचा धडा पुढे उपयोगी पडणार आहे. तो लक्षात ठेवू.

जून 1932 मध्ये निझाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचा वेगळा विभाग सुरू केला. सुरुवातीला 27 बसगाड्या होत्या आणि 166 कर्मचारी. बसगाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. त्या काळातली एकोणीस आसनांची एक अल्बियन हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. संस्थानी सरकारने सार्वजनिक बससेवा स्वतः चालवण्याचा हा देशातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता (स्वतंत्र जिल्हा व्हायला 1982 उजाडले), तर उदगीर, अहमदपूर बिदरमध्ये. पुढे 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्याची बससेवा वेगळी झाली आणि 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामावली. आपली लाल एसटी अशी अल्बियनची वारसदार आहे.

मोटार आली आणि तिच्यासोबत एक नवे काम आले. टांग्याच्या धावेला आणि नांगराच्या फाळाला शेक देणारा लोहार तुटलेला पाटाही जोडू लागला. पोलाद किती तापवायचे, केव्हा तेलात बुडवायचे, कमान किती वाकवायची, हे सारे तो रंग पाहून ठरवायचा. त्यासाठी कुठली शाळा नव्हती.

पाटा वजन धरतो, शॉक वेग धरतो

इथे थोडे यंत्र समजून घेऊ, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच होतो.

गाडीचे वजन शॉकअप धरत नाही. ते पाटा किंवा स्प्रिंग धरते. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ताकद स्वतःत साठवते. साठवलेले परत द्यावे लागते, म्हणून ती उसळते. उसळी थांबवायला कुणी नसेल तर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहते. शॉकअपच्या नळीत दट्ट्या तेलातून वर-खाली जातो, तेल बारीक भोकांतून दाबून निघते, तापते. उसळीची ताकद अशी उष्णतेत जाते. धक्का नाहीसा होत नाही, त्याची ऊब होते.

पाट्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. एकावर एक बसलेल्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणातही थोडी उसळी जिरते. म्हणूनच अनेक जुन्या मालट्रकांच्या मागच्या कण्याला शॉकअप नसायचाच. मिस्त्री पट्ट्यांमध्ये वंगण किती ठेवतो, किती पट्ट्या घालतो, कमान किती चढवतो, यावर गाडीचे चालणे ठरायचे. ॲडजस्टेबल सस्पेन्शन हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी ते काम आपल्या गल्ल्यांत होत होते.

जगाचा इतिहासही हेच सांगतो. मोटारीचे पहिले शॉकअप तेलाचे नव्हतेच. फ्रान्सच्या त्रुफोने काढलेला आणि अमेरिकेच्या हार्टफर्डने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आणलेला शॉक म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या होत्या. मधला नट आवळला की कडक, सैल केला की मऊ. म्हणजे सुरुवातीचा शॉकच ॲडजस्टेबल होता. नेदरलँड्सची कोनी ही कंपनी 1857 मध्ये घोड्यांचा साज बनवत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने तेलाचा असा शॉक आणला की जो काढून, पूर्ण दाबून, फिरवला की त्याची उसळी धरण्याची ताकद वाढते. पन्नाशीच्या दशकात द कार्बाँ या फ्रेंच अभियंत्याने एकाच नळीत तेल आणि दाबलेला वायू वेगळे ठेवणारा शॉक रुळवला, म्हणजे तेलाचा फेस होणार नाही. आज बाजारात मिळणारे जवळपास सगळे यांचेच वंशज आहेत.

हैदराबादचा अर्थमंत्री आणि जीप

आपल्या रस्त्यावर ऑफ-रोड गाडी आली ती जीपच्या रूपाने. या जीपचा आणि हैदराबादचा एक धागा आहे, तो फारसा सांगितला जात नाही.

1945 मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मुहंमद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. तिचे नाव महिंद्रा अँड मुहंमद. हे गुलाम मुहंमद अलिगढचे पदवीधर, रेल्वेच्या लेखा खात्यातले अधिकारी, आणि युद्धाच्या काळात निझामाच्या हैदराबादेत अर्थखाते सांभाळलेले. फाळणी झाली, ते पाकिस्तानला गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. आज आपण थार, बोलेरोच्या तोंडावर जे नाव वाचतो, त्यातला दुसरा शब्द एकेकाळी वेगळा होता. चाळीशीच्या अखेरीस या कंपनीने मुंबईत सुट्या भागांपासून विलिस जीप जोडायला सुरुवात केली. चारही चाकांना कमानपाटे, प्रत्येकाला एक तेलाचा शॉक, दोन्ही कणे सलग. दुरुस्तीला सोपी, मोडायला अवघड.

त्याच 1948 च्या सप्टेंबरात हैदराबादवर पोलीस कारवाई झाली. सोलापूरकडून नळदुर्गमार्गे लष्कर आत शिरले. त्याआधी रझाकारांनी गावागावांत केलेला जुलूम जितका खरा, तितकाच कारवाईनंतर सामान्य, निरपराध मुस्लिमांवर झालेला अत्याचारही खरा आहे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात अगदी कमीत कमी धरले तरी 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडचे नाव घेतले. तेव्हा उस्मानाबादेत लातूर होते, हे पुन्हा सांगायला नको.

त्या पिढीकडे शेतजमीन थोडी, सरकारी नोकरीचे दार अरुंद. हाताच्या कौशल्याला मात्र कागद लागत नव्हता. 2006 मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने देशभराची आकडेवारी मांडली, तेव्हाही मुस्लिमांचे प्रमाण स्वयंरोजगारात, रस्ते वाहतुकीत आणि वाहनदुरुस्तीत इतरांपेक्षा जास्त दिसले. नांदेड-लातूरच्या कुठल्याही जुन्या नाक्यावर उभे राहून पाट्या वाचल्या तरी हे कळते. वेल्डिंग, रेडिएटर, डेंटिंग, कुशन, कमानपाटा. तिथली भाषाही मिसळलेली. मिस्त्री दखनीत बोलतो, गिऱ्हाईक मराठीत, सुट्या भागांची नावे इंग्रजीत, आणि शागिर्दाला शिवी तिन्ही भाषांत.

भार रोज बदलतो

या भागातल्या मिस्त्रीपुढचा खरा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नव्हता. इथे एकाच गाडीवर रोज वेगळा भार असतो. सकाळी सोयाबीनची पोती मोंढ्यात, दुपारी रिकामी परत, संध्याकाळी वऱ्हाड, रात्री सिमेंट.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवायची ठरली. तिथे सिमेंट, सळई, खडी, पाणी नेणारी वाहने ज्या वाटांनी गेली, त्यातल्या कित्येक वाटा काळ्या रानातल्याच. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. तिथून घरोघरी पाणी पोहोचवले ते टँकरनी.

टँकरचा हिशेब पाहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 10 हजार लिटरचा टँकर जाताना 10 टनांचे पाणी घेऊन जातो आणि येताना ते शून्य असते. भरलेल्या वजनासाठी पाटे घातले तर रिकामा टँकर दगडासारखा उडतो. रिकाम्यासाठी घातले तर भरलेला टँकर बसतो. अर्धा भरलेला असेल तर आतले पाणी हिंदकळते आणि वळणावर गाडीला ढकलते. यावर मिस्त्रींचा जुना उपाय म्हणजे हेल्पर पाटा. तो वरच्या बाजूला मोकळा असतो आणि भार वाढल्यावरच टेकतो, कामाला लागतो. आज ज्याला आपण भारानुसार बदलणारे सस्पेन्शन म्हणतो, त्याची ही गावठी आणि टिकाऊ आवृत्ती.

मग आज शॉकअप कसा निवडावा?

हा सगळा इतिहास ध्यानात घेतला की निवडीचा क्रम आपोआप लागतो.

पहिले काम दुकानात नसते, वजनकाट्यावर असते. मोंढ्यातल्या काट्यावर आधी फक्त पुढची चाके ठेवून वजन घ्या, मग फक्त मागची. एकदा रिकामी गाडी, एकदा तुमच्या रोजच्या भारासकट. समजा मागच्या कण्यावर रिकामे 800 किलो आणि माल भरून 1,800 किलो येत असतील, तर तुमचा प्रश्न आधी पाट्याचा आहे. शॉकअप कितीही महाग घेतला, तरी तो हे हजार किलो उचलणार नाही. आणि केवळ आठवड्याला एकदा माहूरच्या घाटात फिरायला जायचे असेल, तर जड पाटे घालून रोज कंबर मोडून घेण्यात अर्थ नाही.

दुसरे काम मोजपट्टीचे. चाक पूर्ण खाली लटकले असता आणि पूर्ण वर दबले असता शॉकच्या दोन टोकांतले अंतर किती, हे मोजा. दबताना शॉक तळाला लागण्याआधी रबरी बंप स्टॉप लागला पाहिजे. लटकताना सगळा कणा शॉकवर तोलला जाता कामा नये. लांबी चुकली तर उत्तम कंपनीचा शॉकही थोड्या दिवसांत गळू लागतो.

तिसरी गोष्ट प्रकाराची. दुहेरी नळीचा शॉक स्वस्त असतो आणि बाहेरून दगड लागून पोचा आला तरी बऱ्याचदा चालत राहतो, कारण दट्ट्या आतल्या नळीत असतो. पण लांब खडबडीत रस्त्यावर तो लवकर तापतो आणि तापल्यावर ढिला पडतो. एकनळी वायूचा शॉक उष्णता चांगली बाहेर टाकतो, मात्र पोचा आला की दट्ट्या तिथेच अडतो. दगडगोट्यांच्या वाटेवर जाणार असाल तर त्याला बाहेरून संरक्षण हवे. बाहेर वेगळी टाकी असलेले शॉक जास्त तेल साठवतात, म्हणून उशिरा तापतात. पण किंमत पाहता आपल्या रोजच्या कामाला त्यांची गरज क्वचितच लागते. फिरवायचा खटका असेल तर तो उसळी बदलतो, दाब बदलतो की दोन्ही, हे दुकानदाराला विचारा. स्वस्तातल्या एका खटक्याने बहुधा उसळीच जास्त बदलते.

चौथी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. त्याच मापाचा चांगला शॉक बसवणे वेगळे आणि गाडी वीतभर उचलून घेणे वेगळे. उंच गाडी फोटोत छान दिसते, वळणावर उलटायला सोपी होते.

खाचा कशा फिरवाव्यात?

त्याआधी टायरची हवा ठरवा. टायर ही पहिली स्प्रिंग आहे. हवा चुकीची असेल तर शॉकवर केलेली मेहनत वाया जाते. मग बुश, शॅकल, यू-बोल्ट तपासा. झिजलेला बुश खडखडतो आणि दोष शॉकच्या माथी जातो.

आता एक ठरावीक रस्ता निवडा. पाच-सहा किलोमीटरचा, त्यात थोडे डांबर, एक गतिरोधक, एक चर, आणि पत्र्यासारख्या लाटा पडलेला मुरमाचा तुकडा. भार एकच, वेग एकच. खटका सगळ्यात मऊ खाचेवर ठेवून सुरुवात करा आणि दर वेळी दोनच खाचा बदला. आधी मागे, मग पुढे. एका वेळी एकच बदल.

गाडी काय सांगते ते असे. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर उसळी सैल आहे, खाचा वाढवा. उलट, मुरमाच्या लाटांवर गाडी एकेका लाटेगणिक खाली बसत गेली आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळू लागली, तर उसळी फार कडक आहे. चाकाला पुढच्या लाटेआधी खाली यायला वेळच मिळत नाही. हा दोष लोकांना उलटा वाटतो. ते म्हणतात शॉक मऊ आहे, आणि आणखी आवळतात. प्रत्येक बारीक दगड स्टीअरिंगवर आणि कमरेत जाणवत असेल तर दाबाची बाजू कडक आहे. चरात गेल्यावर धाडकन आवाज येत असेल तर ती मऊ आहे, किंवा पाटाच दमला आहे.

शेवटी जुन्या मिस्त्रींची चाचणी. फेरी संपली की उतरून चारही शॉकला जपून हात लावा, कारण ते चांगलेच तापलेले असू शकतात. एकाच कण्यावरचे दोन्ही साधारण सारखे गरम हवेत. एखादा थंड असेल तर तो मेलेला आहे, कारण त्याने कामच केलेले नाही. भौतिकशास्त्राचा हा धडा अनेकांना वर्गात शिकूनही उमगत नाही. गॅरेजमधल्या पोराला तो तळहाताने कळतो.

वही घाला

आज या गल्ल्यांतले काम बदलते आहे. नव्या थारच्या मागच्या बाजूला पाटा राहिलेला नाही, कॉइल स्प्रिंग आली आहे. बंद डब्यातला भाग काढायचा आणि नवा लावायचा, अशी दुरुस्ती वाढते आहे. पट्टी तापवून कमान चढवणारे हात म्हातारे झाले. त्यांची पोरे शिकली, काही अभियंतेही झाली, आणि ते चांगलेच आहे. पण कुठल्या गावच्या रानात जून महिन्यात किती पट्ट्या लागतात, भरलेला टँकर कुठल्या वळणावर हिंदकळतो, हे ज्ञान त्यांच्यासोबत निघून जात आहे. राजाच्या वंशावळी आपल्याकडे आहेत, कमानपाट्याच्या उस्ताद-शागिर्दांची वंशावळ नाही.

म्हणून शॉकअप घेणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे. खाचा फिरवाल तेव्हा वहीत लिहा. तारीख, रस्ता, कण्यावरचा भार, टायरची हवा, पुढची खाच, मागची खाच, गाडी कशी चालली. आणि ज्याने ती बसवून दिली त्या मिस्त्रीला चहा पाजून आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. काम कुणाकडे शिकलात, आणि त्यांनी कुणाकडे शिकले होते? तेही त्याच पानावर लिहा. तुमची गाडी नीट चालेल, आणि आमच्यासारख्यांना एक इतिहास लिहिता येईल.